डी म्हणजे डिजिटल नव्हे

मित्रांनो, टीव्हीमागच्या धुळीत पडलेली मी एक जुनी डी-केबल आहे. माझ्या टोकाचा आकार इंग्रजी 'डी' अक्षरासारखा, म्हणून हे नाव. त्यात दुसरे काहीही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका अक्षरामुळे झाला आणि त्याचा दोष आजही माझ्या मनाला टोचतो.

कारखान्यात माझ्या पोटात बारीक तारा घातल्या गेल्या आणि वर जाड काळे कवच चढले. त्या सगळ्या तारा चित्राच्या होत्या. आवाजासाठी एकही नव्हती. माझ्या खोक्यावर तसे छापलेही होते, पण इतक्या बारीक अक्षरांत की कोण वाचणार?

ओसाकाच्या दुकानात चिझुरूताईने मला उचलले. "हीच घेते! डी म्हणजे डिजिटल. चित्र, आवाज, सगळं एकाच वायरीत!" असे म्हणत ती मला समुद्रकाठच्या मैझुरूला वडिलांच्या, म्हणजे तोकुजीआजोबांच्या घरी घेऊन आली. तिथे डीव्हीडीच्या यंत्राला लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन वायरी जोडलेल्या होत्या. ताईने तिघींना उपटून ड्रॉवरमध्ये कोंबले. खरे सांगते, तेव्हा मला फार बरे वाटले. तिघींची जागा मी एकटीने घेतली होती ना! पडद्यावर लख्ख चित्र उमटले आणि ताई गाडी चुकेल म्हणून तशीच पळाली.

जाताना ती एक तबकडी ठेवून गेली. त्यात तिच्या मुलीचे, कोनात्सुचे, स्पर्धेतले गाणे होते. होडी वल्हवतानाचे ते गाणे तोकुजीआजोबांनीच नातीला शिकवले होते. आजोबा जुने मच्छीमार. त्यांची जीभ तिखट. "घरात सगळे गोड बोलतात, खरं फक्त आजोबा सांगतात," असे कोनात्सु सगळ्यांना सांगायची.

आजोबांनी तबकडी लावली. कोनात्सु एकटीच उभी होती, साथीला वाद्य नव्हते. तिचे ओठ हलत होते, पण खोलीत चिडीचूप. आजोबा आवाज वाढवत गेले. काही नाही. मग त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या लावल्या, ज्या माझ्यातून येतच नाहीत, तर निवेदक असा गरजला की हातातला चहा मांडीवर सांडला. आजोबांचा चेहरा पडला. लांबचे, बारीक आवाज आधी जातील, असे कानाच्या डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. ती वेळ आली, असे ते धरून चालले. "अहो, तुमचे कान ठीक आहेत, खोट माझ्यात आहे," असे मला ओरडून सांगायचे होते. पण जिला दुसऱ्याचा आवाज नेता येत नाही, ती स्वतःचा कुठून आणणार?

तेवढ्यात फोन वाजला. आजोबांनी तो त्यातल्या त्यात बऱ्या कानाला घट्ट लावला.

"आजोबा, कसं झालं माझं गाणं? खरं खरं सांगा हं."

"काय सांगू तुला! एक सूर हलला नाही."

"खरंच?"

"अगदी खरं."

"बरं," म्हणून कोनात्सुने फोन ठेवला.

त्यानंतर ती फोनवर येईना. चिझुरूताई सांगे, "ती गाण्याचं नावच काढत नाही, बाबा. पुढच्या स्पर्धेला तुम्हीच या, म्हणजे गाईल तरी." "गुडघे दुखतात," असे सांगून आजोबा टाळत. जे ऐकू येणार नाही, त्यासमोर बसून माना डोलवायची त्यांना लाज वाटत होती. आणि मला माझ्या लख्ख चित्राची लाज वाटत होती.

एकदा शेजारच्या निशिगाकीकाकू शिजवलेला मुळा घेऊन आल्या आणि नातीचे गाणे दाखवा म्हणून अडून बसल्या. आजोबांनी नाइलाजाने तबकडी लावली.

"आवाज बंद करून काय बघताय, तोकुजीसान? टाकीतला मासा?"

"म्हणजे... तुम्हालाही ऐकू येत नाही?"

"मला म्हातारी समजलात की काय!" काकू टीव्हीमागे वाकल्या. "अहो, ही नुसतं चित्र नेते! आमच्याकडे गेम लावताना हाच गोंधळ झाला होता. आवाजाची लाल-पांढरी कुठे ठेवलीत?"

ड्रॉवरमधल्या त्या वायरी माझ्या शेजारी जोडल्या गेल्या आणि कोनात्सुचा आवाज खोलीभर झाला. तिसऱ्या ओळीला तो फाटला. ती थांबली, पुन्हा सुरू झाली आणि रडत रडत तिने गाणे कसेबसे संपवले. कान शाबूत असल्याचा आनंद आजोबांना झालाच नाही. या गाण्याला आपण काय म्हणालो होतो, ते त्यांना आठवले. मग त्यांनी फोन उचलला आणि चिझुरूताईला सांगून कोनात्सुला बोलावून घेतले.

"मी खोटं बोललो, पोरी. मला काही ऐकूच आलं नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटली. आज ऐकलं. तिसऱ्या ओळीत आवाज फाटला तुझा. श्वास आधीच संपवून बसलीस, गाढवे!"

पलीकडून हुंदका आला. "मला वाटलं, आता तुम्हीपण गोडच बोलणार."

"रडू नकोस. म्हण बघू पुन्हा."

मित्रांनो, वायर निवडताना तिच्या जाडीला किंवा नावातल्या अक्षराला भुलू नका. ती काय नेते आणि काय नेत नाही, ते आधी विचारा. आणि वडीलधाऱ्यांच्या घरी ती जोडून दिलीत, तर चित्र दिसताच पळू नका. "ऐकू येतंय ना?" असे विचारा. ते "हो" म्हणाले, तरी शेजारी बसून स्वतः ऐका.