तांबड्या गाडीचा कौल

काळाचौकीची जुनी चाळ पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला, तेव्हा हितेंद्र घाडीगावकरच्या वाट्याला दोन खोल्या, एक चिमुकली बाल्कनी आणि खाली गाडी लावायची एक जागा आली. गाडी मात्र नव्हती. तीन वर्षं त्या जागेत मंडळाचे बांबू, शेजाऱ्यांच्या सायकली आणि कुणाचा तरी फाटका सोफा सुखाने नांदत होते. हितेंद्र विमा कंपनीत अपघाताचे क्लेम तपासायचा. ज्याचं पोट दुसऱ्यांच्या ठोकाठोकीवर भरतं, त्याला स्वतःच्या गाडीची हौस बेताचीच असते.

पण यंदा त्याच्या बायकोच्या, जोॲनाच्या हॉस्पिटलने खाडीपलीकडे नवी शाखा काढली. जोॲना एक्स-रे काढते. आठवड्यातले चार दिवस तिला आता तिकडे जायचं होतं, आणि शिवडीहून समुद्रावरून जाणारा पूल तर घरापासून दहा मिनिटांवर. गाडी लागणार हे हितेंद्रने मान्य केलं. नवी नको, जुनी बघू, यावरही एकमत झालं. इथपर्यंत संसार सुरळीत चालला होता.

जोॲनाचा मावसभाऊ रॉयस्टन याचं डिलाईल रोडला गॅरेज आहे. त्याने दोन हॅचबॅक हेरून ठेवल्या. दोन्ही पाच वर्षांच्या, दोन्ही ‘स्पोर्टी’ म्हणून विकलेल्या, किमतीतही फारसा फरक नाही. पांढरीला मागे पंख, सीटला लाल शिलाई, दारावर वेगाचे पट्टे. सगळा आव पैलवानाचा आणि आतलं इंजिन कारकुनाचं. पण लिटरला वीस-बावीस किलोमीटर जायची आणि तिचा कुठलाही पार्ट कुठल्याही गल्लीत मिळायचा. तांबडी दिसायला साधी, पण तिच्यात छोटं टर्बो इंजिन होतं. शहरात लिटरला अकरा, विमा जास्त, टायर रुंद म्हणून महाग, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने मान टाकली की लाखभराचा खड्डा. रॉयस्टन सरळ माणूस, त्याने काही लपवलं नाही. पांढरी घेतलीत तर वर्षातून दोनदा भेटू, तांबडी घेतलीत तर येणंजाणं वाढेल, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी दोन्ही चालवून बघितल्या. चालवायला जोॲना, हितेंद्र तिच्या शेजारी, मागे त्याचे वडील जयवंत. वय चौऱ्याहत्तर. आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर एका बँकेच्या दारात उभं राहून त्यांनी आयुष्य काढलेलं. पांढरीत तिघंही ऑफिसला निघाल्यासारखी गप्प बसली होती. मग जोॲना तांबडीत बसली. शिवडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर तिने पाय जरा दाबला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग गाडीने अशी उडी घेतली की हितेंद्रने दोन्ही हात डॅशबोर्डला लावले. जोॲना मोठ्याने हसली. ते हसू ऐकून तिलाच आश्चर्य वाटलं. असं खदखदून आपण शेवटचं कधी हसलो, हे तिला आठवेना.

तिला ती गाडी हवी होती. लहान मुलीसारख्या हट्टाने हवी होती. आणि घरी आल्यावर हितेंद्रने लॅपटॉप उघडून पाच वर्षांचं पेट्रोल, टोल, टायर आणि विमा मांडून दाखवला तेव्हा तिने एकेक आकडा पुन्हा जुळवून पाहिला, सगळे बरोबर निघाले. तोही काही खडूस माणूस नव्हे. त्याला तिचं हसू ऐकू आलं होतं, पण आकड्यांपुढे त्याचा नाइलाज होता. आठवडाभर घरात विषय निघायचा, दोघं एकमेकांना समजून घ्यायची आणि विषय तिथल्या तिथे राहायचा.

शेवटी जयवंतच म्हणाले, कौल लावू.

घाडीगावकरांच्या घरात लग्न, घर आणि वाहन यांना गावच्या रवळनाथाचा कौल घेतल्याशिवाय हात लावत नाहीत. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजव्या अंगाची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डाव्या अंगाची पडली तर नाही. जोॲनाला हे नवीन नव्हतं. ती स्वतःच तशी या घरात आली होती. बारा वर्षांपूर्वी हितेंद्रने गिरगावातल्या ख्रिश्चन मुलीचं नाव काढलं, तेव्हा त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, अंथरूण धरलं. जयवंत एकटेच गावी गेले, कौल लावून आले आणि ‘उजवो’ एवढंच बोलले. त्या दिवशी सुभद्राबाई उठल्या, आणि पुढे देवाघरी जाईपर्यंत सुनेला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट तिच्याकडून व्हिंडालू रांधायला शिकल्या.

सध्या गावी जायला सवड कुणालाच नव्हती, म्हणून कौल व्हिडिओ कॉलवर ठरला. गुरव तयार झाला, देवाची हरकत असायचं कारण नव्हतं. हितेंद्रचा देवावर विश्वास होता, पण मोघम प्रश्नावर नव्हता. गाडी घेऊ का, असं विचारलं तर कुठली गाडी, कधी, कशासाठी असे शंभर फाटे फुटतात. त्याने प्रश्न कागदावर लिहून काढला आणि गुरवाला दोनदा वाचून दाखवला.

गुरवाने मोबाइल समोरच्या खांबाला बांधला, कळ्या लावल्या आणि हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ही तांबडी गाडी तुज्या लेकरांका परवडात, तर उजवो कौल दी. परवडणारी नसात, तर डावो दी.” इकडे काळाचौकीला तिघंही “व्हय म्हाराजा” म्हणाली, जोॲना सगळ्यात मोठ्याने. दोन मिनिटं गेली. मग पडद्यावर उजवीकडची कळी सुटली, घरंगळली, आणि त्याच घटकेला चित्र थिजलं. नेटवर्क गेलं होतं.

“उजवा,” हितेंद्र म्हणाला. त्याने एकदा लॅपटॉपकडे पाहिलं आणि तो मिटून ठेवला. देवच हिशेब पास करत असेल तर आपण कोण, असं म्हणून त्याने बायकोच्या पाठीवर थाप मारली. जयवंत “हं” म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. गुरवाला आपण सावकाश फोन करू, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी हितेंद्र रॉयस्टनकडे दहा हजारांचं टोकन देऊन आला. उरलेले पैसे शनिवारी द्यायचे ठरले.

आता कुणीही म्हणेल, जोॲनाला आभाळ ठेंगणं झालं असेल. झालंही असतं. पण अठरा वर्षं जी बाई एक्स-रे काढतेय, तिची एक गोष्ट झोपेतसुद्धा चुकत नाही. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो. ती रोज चाळीस-पन्नास प्लेटांना डाव्या-उजव्याची खूण लावते. ही खूण चुकली तर डॉक्टर भलत्या गुडघ्याला सुरी लावतील. आणि रवळनाथ तर मोबाइलकडे तोंड करून उभा होता. पडद्यावर उजवीकडे पडलेली कळी देवाच्या डाव्या अंगाची होती. देव नाही म्हणाला होता.

हे तिला कळी सुटली त्याच क्षणी कळलं होतं, आणि ती गप्प राहिली. गप्प राहायला तिने कारणंही शोधली. तो काही माझा देव नव्हे. मी खोटं बोलले नाही, हितेंद्र बोलला. आणि एका कळीवर काय ठरतं? पण या शेवटच्या कारणापाशी तिची गाडी दरवेळी अडायची, कारण तिचं स्वतःचं इथलं बारा वर्षांचं राहणं एका कळीवरच ठरलं होतं. आज एक कौल आपल्या सोयीने फिरवला तर तो जुना कौल तरी कशाच्या जोरावर उभा राहणार? मंगळवार गेला, बुधवार गेला. शनिवार जवळ येत चालला तशी तांबडी गाडी तिला डोळ्यांसमोर नकोशी व्हायला लागली, आणि तरी हवीच होती.

गुरुवारी तिची सुट्टी होती. हितेंद्र कामावर गेल्यावर जयवंत बाजारातून कोळंबी घेऊन आले आणि टेबलावर पेपर पसरून सोलायला बसले. जोॲना समोर बसली आणि तिनेही दहा-बारा सोलल्या. मग हात थांबवून तिने विचारलं, “बाबा, त्या दिवशी कळी कुठल्या बाजूची पडली?”

“उजव्या.”

“कोणाच्या उजव्या?”

जयवंतांच्या हातातली कोळंबी हातातच राहिली. मान वर न करता त्यांनी ती पेपरवर ठेवली. मग म्हणाले, “चाळीस वर्षां दर जत्रेक देवळात गुरवाच्या बाजूक बसलंय गो. माका काय डावो-उजवो कळना नाय?”

म्हणजे त्यांनाही पहिल्यापासून माहीत होतं. चार दिवस ते नुसतं वरणभात जेवत होते. तिला वाटलं होतं पित्त झालं असेल. देवाच्या नावावर खोटं खपवलं म्हणून म्हाताऱ्याने मासे सोडले होते, आणि घरात मासे खाणारी दुसरी माणसं आहेत म्हणून ते रोज आणून साफ करून मात्र देत होते. का गप्प राहिलात, असं तिने विचारलं.

“तू गाडीत हसलंस,” ते म्हणाले. “हितूची आई गेल्यापासून ह्या घरात तसा कोण हसला नाय.”

जोॲनाला रडू आलं. कोळंबीचे हात डोळ्यांना लावता येईनात, म्हणून तिने बाहीनेच नाक पुसलं. आणि मग जे चार दिवस आत ठसठसत होतं ते तिने विचारून टाकलं. बारा वर्षांपूर्वीचा कौल, तो खरा उजवा होता का, की तेव्हाही कुणाच्या तरी हसण्यासाठी उजवा झाला?

जयवंतांनी आता सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. “तो उजवो. गुरवाचा गाऱ्हाणा पुरा होवच्या आदीच पडलो. रवळनाथाची शपथ.”

तिचा विश्वास बसला. ज्या माणसाला एक खोटं पचवायला चार दिवस मासे सोडावे लागतात, तो अशी शपथ खोटी घेणार नाही. मग दोघांनी मिळून ठरवलं, टोकन परत आणायचं आणि हितेंद्रला खरं ते सांगायचं. सांगण्याचं काम जोॲनाने स्वतःकडे घेतलं.

संध्याकाळी हितेंद्र आला, चहा झाला आणि तिने सगळं सांगितलं. तो आधी दुखावला. दोघांनाही माहीत होतं आणि आपण तेवढे येडे ठरलो, असं म्हणाला, आणि ते चुकीचंही नव्हतं. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आता हा लॅपटॉप घेऊन बसणार, पांढरीचं ठरवणार, आणि त्याला आपण काही बोलायचं नाही, असं जोॲनाने मनाशी पक्कं केलं.

तो आत आला तो खिशातून तो प्रश्नाचा कागद काढूनच. क्लेमचा फॉर्म वाचतात तसा त्याने तो पुन्हा वाचला. “मी विचारलं काय होतं? परवडेल का. देव म्हणाला, नाही परवडणार. बरोबरच आहे, माझाही हिशेब तेच सांगतोय.” त्याने कागद टेबलावर ठेवला. “घेऊ का, ते मी विचारलंच नाही.”

जयवंत सावरून बसले. गुरवाला पुन्हा फोन लावायचा का, असं हितेंद्रने त्यांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. देवाने त्याच्या वाट्याचं काम चोख केलं होतं, आता एवढ्याशा गोष्टीसाठी त्याला परत उठवायचं नाही. उरलेलं आपलं आपण बघायचं.

“हितू, खरंच नाही परवडणार रे,” जोॲना म्हणाली. “पांढरी घेऊ. मला चालेल.”

“तुला सगळंच चालतं,” हितेंद्र म्हणाला. “कोर्टात लग्न चाललं, जुना फ्रिज चालला, आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं नाइट शिफ्ट चालली. बारा वर्षं तू या घरात परवडतं तेच मागितलंस. एक तरी गोष्ट न परवडणारी घे.”

शनिवारी त्यांनी तांबडी घेतली. रॉयस्टनने नारळ फोडला आणि येणंजाणं वाढेल याची पुन्हा एकदा आठवण करून दिली. रविवारी सकाळी जोॲना दोघांना घेऊन पुलावर आली. जयवंत मागच्या सीटवर खिडकी उघडी टाकून बसले होते. दोन्ही बाजूंना ओहोटीचं पाणी, पुढे सरळ रिकामा रस्ता. तरी ती साठच्या वर जाईना. गाडीतल्या मधल्या पडद्यावर लिटरला किती पडतंय त्याचा आकडा दिसत होता, आणि तिची नजर घडोघडी तिकडे जात होती. पुलाच्या चढावर अकरा, साडेदहा, दहा. हितेंद्रचीही नजर तिथेच होती.

आकडा नऊवर आला तेव्हा त्याने हात पुढे केला आणि तो पडदाच बंद केला.

“पुढे बघ,” तो म्हणाला. “आणि जरा दामट.”