ढग म्हणून वगळलेली धूळ

वाळवंट आमच्यापासून समुद्रापलीकडे, वाऱ्याने सहा दिवसांवर. तिथं उठलेली धूळ आमच्या गावावर कधी आणि किती उतरेल, याचं गणित बाबा हवामान कार्यालयात मांडतात. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी त्यांच्या शेजारची खुर्ची पटकावते आणि कोणी न विचारलेली मतं देते.

त्या शनिवारी पडद्यावर भर समुद्रात धुळीचा पट्टा होता आणि पट्ट्याच्या पोटात हे भलंमोठं भोक.

"बाबा, इथली धूळ कुठे गेली? माशांनी खाल्ली?"

"तिथे ढग आहे. ढगाखालचं उपग्रहाला दिसत नाही, म्हणून तेवढा भाग कॉम्प्युटर आपोआप वगळतो."

"मातकट ढग?"

बाबांचा माउसवरचा हात थांबला. त्यांनी मूळ छायाचित्र उघडलं. ढग नव्हताच! धूळ इतकी दाट होती की कॉम्प्युटरने तिलाच ढग ठरवून बाजूला काढलं होतं. सगळ्यात वाईट भाग गणितातच नाही! मी खुर्चीत गिरकी घेतली. बाबांनी तो भाग धरून गणित पुन्हा चालवलं. मंगळवार, दाट धूळ, घराबाहेर पडू नये.

ते साहेबांच्या खोलीत गेले आणि दोन मिनिटांत तोंड पाडून परत आले. मागच्या वर्षी बाबांच्याच इशाऱ्यावरून बंदर बंद ठेवलं होतं, आणि धूळ फिरकलीच नव्हती. "पुन्हा हसं नको," साहेब म्हणाले होते. बाबांनी सही करून जुनाच अंदाज पाठवला. विरळ धूळ.

मंगळवारी आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धा. त्या घेणार माझी आत्या, खेळाची शिक्षिका आणि दम्याची जुनी पेशंट. त्या रात्री जेवताना मी सगळं बोलून टाकलं.

आत्याने बाबांकडे पाहिलं. "दादा, खरं का रे? तू सांग, मी स्पर्धा पुढे ढकलते. मुख्याध्यापक बाई चिडल्या तर चिडू देत."

स्पर्धा पुढे गेल्या असत्या तर कारण गावभर झालं असतं, आणि गावातून साहेबांच्या कानावर. बाबा ग्लासात पाणी ओतत म्हणाले, "हिला कळतं अर्धवट आणि बोलते चौपट. विरळच आहे."

"ऐकलंस, आगाऊ?" आत्याने मला टपली मारली.

मंगळवारी दहा वाजता रिले चालू असताना मैदानाचं दुसरं टोक दिसेनासं झालं. आत्या पोरांना वर्गात ढकलत राहिली. शेवटची तुकडी आत गेली तेव्हा ती पायरीवरच बसली, ओठ निळे. पंप मारूनही उपयोग झाला नाही.

पाच दिवसांनी, हॉस्पिटलमध्ये, तिला बोलता यायला लागलं. मैदान आता विसरा, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"दादा तरी काय करणार," ती मास्क सरकवून मला म्हणाली, "कॉम्प्युटरच चुकला."

"हो ना," बाबा म्हणाले.

"कॉम्प्युटरची चूक शनिवारीच सुधारली होती, आत्या. बाबांना माहीत होतं."

आत्या बाबांकडे बघत राहिली. बाबा सलाइनच्या थेंबांकडे.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. मला. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

मी गेले. दार लागता लागता तिचा आवाज आला, "दादा, तू जेवलास का?"