जागेचा रकाना

आधीच सांगून टाकते, मी खोटं बोलले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, उभं राहून, सगळ्यांच्या तोंडावर, आणि तेही माझ्याच दुकानात. मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांना हे पटणार नसेल त्यांनी इथेच थांबावं, उगाच पुढे वाचून डोकं तापवून घेऊ नये.

समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. नवरा गेल्यापासून धाकटी नणंद आणि मी मिळून ते चालवतो. ती टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली. तीस वर्षं एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडून देण्यात गेली, त्यामुळे कानावर आलेलं पुढे पोचवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. दुकानाच्या मागे काचा घासायची खोली आहे. शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की त्या खोलीत आमची पक्षीमंडळी जमते. नऊ-दहा माणसं, खुर्च्या सहा, उरलेले खोक्यांवर. बावीस वर्षं मी त्यांच्यात आहे; मला तिथे सगळे चष्मेबाई म्हणतात.

आमची एक वही आहे, जाड पुठ्ठ्याची. ती मास्तर लिहितात. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले त्याला आता वीस वर्षं होतील. अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव त्या अक्षरासारखाच, खाडाखोड नसलेला. वहीला चार रकाने : पक्षी, संख्या, जागा, वेळ. आठवडाभरात ज्याने जे पाहिलं ते त्याने उभं राहून सांगायचं आणि मास्तरांनी लिहायचं. चारांतला एक जरी रकाना रिकामा राहिला तरी नोंद नाही. आणि कुणी भलतंच काही पाहिल्याचं सांगितलं व ते चुकीचं निघालं, तर त्याने उठून "माझी पाहण्यात चूक झाली" असं म्हणायचं. मग तो हिवाळा संपेपर्यंत त्याच्या प्रत्येक नोंदीपुढे प्रश्नचिन्ह. साधा कावळा पाहिला तरी प्रश्नचिन्ह. हा नियम माझाच. थापाड्यांना वेसण हवी म्हणून मीच हट्टाने तो करायला लावला होता. आमच्यातल्या पोस्टमनने एक अख्खा हिवाळा अशी प्रश्नचिन्हं भोगली, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते.

गेल्या हिवाळ्यात वाळूच्या टेकाडामागच्या गवतात मला आखूड कानांचं घुबड दिसलं. आमच्याकडे ते दहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मी ऐटीत उठले आणि जागा अगदी पायवाटेच्या वळणासकट सांगितली. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी त्याच संध्याकाळी ती जागा मोबाइलवरून गावोगाव पाठवली. दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच तिथे चाळीस कॅमेरे. बसलेल्या घुबडाचा फोटो सगळ्यांना मिळाला. मग उडतानाचा हवा म्हणून कुणीतरी ढेकळं मारायला सुरुवात केली. घुबड दिवसा उघड्यावर आलं की कावळे त्याला सोडत नाहीत. चौथ्या दिवशी ते मलाच पायवाटेवर सापडलं. एक डोळा नव्हता. कागदी पिशवीत घालून घरी आणलं आणि मागच्या अंगणात पुरलं. वहीत मात्र नोंद कशी सुबक आहे : घुबड, एक, जागा, वेळ. खाली माझं नाव.

डॉक्टर वाईट माणूस नाही. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली आणि दोन दिवस रोज फोन करून विचारपूस केली. पण गळ्यात ती भोपळ्याएवढी लेन्स लटकली की त्यांना समोरचा जीव दिसत नाही, फक्त फोटो दिसतो.

आता यंदाचं सांगते. डिसेंबरचा तिसरा आठवडा, बुधवारची सकाळ. नणंदेला डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय, म्हणून ती माझ्याबरोबर येते. पाखरांशी तिचं देणंघेणं नाही. भरती येत होती. भरती आली की खाडीचा चिखल पाण्याखाली जातो आणि हजारो बारकी पाखरं उरलेल्या हातभर कोरड्या जागेवर दाटीवाटीने उभी राहतात. आमच्या किनाऱ्यावर अशा जागा सहा आहेत. त्यांतली ही कुठली ते तुम्हालाही सांगणार नाही.

दुर्बिणीतून मी टिलवे मोजत होते. टिलवा म्हणजे चिमणीएवढा, चिखलातून टकटक टिपत पळणारा. दोनशे चाळीसपर्यंत आले आणि थांबले. त्यांच्यातलं एक पाखरू टिपत नव्हतं. ते डबक्यात चोच बुडवून डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत होतं, फरशी पुसावी तसं. मग त्याने मान वर केली. चोचीचं टोक चपटं, पसरट. चमचा तुतवार! जगात आता ही काही शेकडाच उरली आहेत म्हणतात. वजन आमच्या दुकानातल्या एखाद्या फ्रेमएवढं, आणि येतं ते पार बर्फाच्या मुलखातून. मला रडूच आलं. नणंदेला ओढून दुर्बिणीला डोळा लावायला लावला.

"अगं बाई, याच्या तोंडाला चमचा आहे की!" ती म्हणाली. "वहिनी, हे स्वयंपाकघरातून पळालंय वाटतं."

मला पहिल्यांदा आठवले ते मास्तर. चाळीस वर्षं ते हे पाखरू शोधताहेत. दर हिवाळ्याच्या पहिल्या शनिवारी म्हणतात, "यंदा चमचा दिसेल बरं का." आणि दुसरं आठवलं ते घुबड. म्हणून ठरवलं, तोंड उघडायचं नाही. पण नणंदेला गप्प राहायला सांगायचं राहिलं. तिला पाखरांतलं काही कळत नाही, ती कशाला बोलेल, असा माझा समज. चूक तिची नाही, माझी.

गुरुवारी डॉक्टर चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले. मी मागे होते. तेवढ्या वेळात नणंदेने चमच्याचा सगळा वृत्तांत त्यांना जोडून दिला.

शनिवारी खोली गच्च भरली होती. पोस्टमन तर दारातच उभा. मास्तरांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"चष्मेबाई, आधी तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला सगळं कळलंय."

"पाहिलं," मी म्हटलं. "चमचा तुतवार. एक."

मास्तरांनी दोन रकाने भरले. पेन तिसऱ्यावर येऊन थांबलं. "जागा?"

"जागा सांगणार नाही."

एकच गलका उठला. कुणी म्हणालं, हा काय पोरखेळ! कुणी म्हणालं, पाखरू काय यांच्या घरचं आहे? मी म्हटलं, माझ्या घरचं नाही, म्हणूनच वाटायचा हक्क मला नाही.

"बाई, रकाना रिकामा राहिला तर नोंद होणार नाही," मास्तर समजुतीने म्हणाले.

"नको होऊ दे."

"अहो, कशाला वाद घालता?" डॉक्टर हसत म्हणाले. "मी शहरातल्या क्लबला कळवलंय. उद्या तीस जण येताहेत, दोन गाड्या करून. भरती सकाळी अकराला. भरतीच्या जागा सहाच तर आहेत. पाच-पाचांच्या सहा टोळ्या करू. पाखरू आहे एवढं कळलं ना, बस्स. सापडेलच."

मी गप्प राहून काही वाचणार नव्हतं. उलट सहाही जागांवरची पाखरं उधळली जाणार होती, भर भरतीत, जेव्हा त्यांना दुसरीकडे टेकायला वीतभर जागा नसते. पाखरू आहे हीच बातमी मारायला हवी होती, आणि ती मारणं फक्त माझ्या हातात होतं.

"थांबा," मी म्हटलं. "जागा सांगत नाही, कारण सांगायला तोंड नाही. तो टिलवा होता. चोचीच्या टोकाला चिखलाचा गोळा लागला होता. मला वाटलं चमचा. नंतर त्याने पाय वर करून चोच खाजवली आणि गोळा पडला."

हे पटण्यासारखं होतं. पहिल्या वर्षीचे सगळे असेच फसतात.

"पण आत्ताच तुम्ही 'पाहिलं' म्हणालात," डॉक्टर म्हणाले.

"बढाई मारली. दोन दिवस सगळे विचारत होते, बरं वाटलं."

डॉक्टरांना ते पुरतं गिळवेना. ते नणंदेकडे वळले. "तुम्ही तर स्वतः पाहिलंत ना? चमचा होता म्हणालात मला."

नणंदेने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला पाखरातलं कळत नसेल, माझ्यातलं सगळं कळतं.

"डॉक्टरसाहेब, मोतीबिंदू आहे मला," ती म्हणाली. "परवा मी न्हाव्याला किल्लीवाला समजून कुलूप दिलं. माझ्या भरवशावर गाड्या कसल्या मागवता?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले, मग फोन काढून बाहेर गेले आणि दारातूनच ऐकू येईल अशा आवाजात गाड्या रद्द केल्या. आत येता येता म्हणाले, "आता चष्मेबाईंनाच चष्मा द्यायला हवा." त्यांचे दात त्यांच्याच घशात घालावेत असं मला वाटलं. पण मी हसले. गाड्या रद्द झाल्या होत्या.

"बाई," मास्तर म्हणाले. "नियम."

मी उभी राहिले. "माझी पाहण्यात चूक झाली." आवाज अजिबात कापू दिला नाही. मास्तरांनी ती ओळ एका रेघेत खोडली. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड असावी. मग माझ्या टिलव्यांपुढे, बगळ्यांपुढे, दोन खंड्यांपुढे एकेक प्रश्नचिन्ह काढलं. मान वर केली नाही. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. ते मात्र लागलं. डॉक्टरांच्या दहा टोमण्यांपेक्षा ते एक वाक्य जास्त लागलं.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या मास्तर हजर. नणंदेने खुर्ची दिली आणि कधी नव्हे ती स्वतःहून मागे निघून गेली.

"चोचीला चिखल," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षांनी तुम्ही त्याला फसाल?"

"वय झालं, मास्तर."

"वयाचं मला सांगू नका. आणि खोटंही तुम्हाला नीट बोलता येत नाही. टिलवा चोच खाजवतो, गोळा पडतो... फार रंगवलंत. खरं पाहणारा एवढं रंगवत नाही."

मी दार लोटून घेतलं. "उद्या चला माझ्याबरोबर. भरती दुपारी पाऊण वाजता आहे. फक्त वहीत लिहायचं नाही."

मास्तरांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. त्यांचे उघडे डोळे फार थकलेले दिसले.

"पाहिलं तर मला लिहावं लागेल. जागेसकट."

"वही घरी ठेवून या की!"

"वही घरी राहील हो. माझं काय करू?"

मला संताप आला. "चाळीस वर्षं वाट पाहिलीत! एक रकाना रिकामा राहिला तर आभाळ कोसळणार आहे का?"

"तुम्ही तुमच्या नावावर खोटं घेतलंत. चांगलं केलंत, माझ्याकडून तेही झालं नसतं. पण मी ती वही तीस वर्षं लिहिली आहे ती कुणी विचारलं तर मान वर करून दाखवता यावी म्हणून. मला विचारलं तर मी सांगून टाकेन, बाई. मला ओळखता तुम्ही. तेव्हा दाखवू नका. आहे की नाही तेही सांगू नका." चष्मा परत डोळ्यांवर चढवून ते उठले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "थंडी फार पडली आहे यंदा. खायला मिळत असेल ना सगळ्यांना?"

मला त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "सगळ्यांचं मला काय माहीत? मी टिलवा पाहिला. तो खात होता. चांगला पोटभर."

मास्तर हसले आणि रस्ता ओलांडून गेले.

त्या हिवाळ्यात मला एकूण एकसष्ट प्रश्नचिन्हं पडली. दर शनिवारी मी उठायची, पाहिलेलं खणखणीत आवाजात सांगायची आणि शेवटी स्वतःच म्हणायची, "प्रश्नचिन्ह." पोस्टमन पहिल्या शनिवारी हसला, नंतर हसेना. पाखरू जवळजवळ रोज दिसत होतं. मार्चअखेर एका सकाळी त्या जागेवर फक्त टिलवे होते.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी मास्तर नेहमीसारखे म्हणाले, "वही मिटतो आहे. कुणाला काही दुरुस्ती करायची?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. डॉक्टरसुद्धा. पाखरू गेलं होतं. आता सांगितलं असतं तर एकसष्टच्या एकसष्ट प्रश्नचिन्हं पुसली गेली असती, आणि डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. मला ते बघायची फार इच्छा होती, खोटं कशाला बोलू. पण ही पाखरं पुढच्या हिवाळ्यात त्याच हातभर जागेवर परत येतात. मास्तरांनी पेन उघडंच धरलं होतं.

मी उभी राहिले. "काही नाही," म्हटलं. "लिहिलंय तेच बरोबर आहे."