टेपाडावरची बॅटरी

“भोंगा लय मोठा नको लावू, पोरी,” गोरखभाऊ खालून म्हणाले. “म्हशी आटतील.”

मी दूध केंद्राच्या छपराशी शिडीवर उभी होते. टाकीतल्या दुधाचं तापमान मोजणारा नवा डबा दूधसंघाने पाठवला होता; त्याला तीन दिवे आणि भोंगा जोडून झाला होता. आता पातळ्या ठरवायच्या होत्या. टाकीतलं दूध किती तापलं की पिवळा दिवा, किती तापलं की लाल, आणि भोंगा कधी. तळेगावच्या कॉम्प्युटर कंपनीत मी रोज हेच करते. तिथल्या टाक्यांत दुधाऐवजी लोकांची माहिती असते, एवढंच.

जुना डबा मोबाइलवर संदेश पाठवायचा. पण केंद्र टेपाडावर, सडकेला लागून. आणि आमचं आंदर मावळातलं गाव खाली खोलगटात. तिथं रेंज पोचत नाही. म्हणून केंद्र सांभाळणारे माझे वडील, आबा, दूध गार होईपर्यंत टाकीपाशीच बसत. काही बिघडलं तर गावाकडे तोंड करून बॅटरी हलवत. एकदा हलवली तर गोरखभाऊंनी जनरेटर चालू करायला वर यायचं. हलतच राहिली, तर सगळ्यांनी कॅन घेऊन धावायचं.

आबा भाद्रपदात गेले. त्यानंतर एका संध्याकाळी अख्खी टाकी नासली आणि खाली कुणाला कळलंच नाही.

आई रोज दिवेलागणीला अंगणात बसते. चूल पेटवत नाही. मी रविवारी आले की हाक मारून तिला आत नेते. बाकीच्या दिवशी ती जेवते की नाही, कुणाला विचारणार?

मी भोंगा वाजवून पाहिला. गोरखभाऊंनी कानांवर हात ठेवले. “आरं बाबा! ह्यो तर मेलेल्यालाबी उठवंल!”

तेवढ्यात आई दुधाची किटली घेऊन चढण चढून आली. गोरखभाऊंनी जीभ चावली.

“उठले न्हाईत अजून,” आई म्हणाली, आणि किटली टाकीत ओतली. मग वर बघून मला विचारलं, “त्यो हिरवा कशाचा?”

“सगळं ठीक असल्याचा. बंदच ठेवते. असल्या सूचना आम्ही आधी बंद करतो. सारख्या आल्या की माणसं बघायचं सोडून देतात.”

“तुझे आबा रोज दाखवायचे.”

“काय?”

“बॅटरी. दूध गार झालं की, खाली निघताना. न हलवता, एकदाच. मी म्हनलं, काय झालं न्हाई तर कशाला दावता? तर म्हनले, काय झालं न्हाई, हे तुला कळाया नको व्हय?” तिने किटलीचं झाकण लावलं. “त्यो उजेड दिसला की मी भात टाकायची. हे खाली येस्तोवर शिजायचा.”

गोरखभाऊ उगाच जनरेटरकडे गेले. मी हिरवा दिवा चालू केला: दूध गार झालं की एकदा लागेल, आणि विझेल.

आम्ही खाली आलो. धरणाच्या पाण्यावरून धुकं सरकत आलं होतं. शेतातल्या निसवलेल्या भाताचा वास त्यात मुरला होता. बांध गेले, गोठे गेले, टेपाडाचा पायथाही गेला. वरचा काळा माथा तेवढा कुठेतरी तरंगत राहिला. आई अंगणात तिच्या जागी बसली. मी दारात.

बऱ्याच वेळाने त्या माथ्यावर हिरवा उजेड उमलला. धुक्यात पसरला, थोडा थांबला, आणि गेला.

आई हलली नाही. उतरणीची पायवाट जिथे असते, तिथल्या धुक्याकडे बघत राहिली. मी हाक मारणार होते. मारली नाही.

माणसाला खाली यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या शेजारून आत गेली. चूल पेटवून आधण ठेवलं. डब्यातून नेहमीचे, तिघांपुरते तांदूळ सुपात घेतले.

आणि त्यातले मूठभर परत डब्यात टाकले.