नाव वाघ्या, जात मांजराची

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. किती जुना, ते विचारू नका. माझा मूळ रंग पिवळा होता, हे मी सांगतो म्हणून तुम्ही खरे मानायचे. माझ्या एका कडेला निळ्या दोऱ्याची शिवण आहे आणि मधोमध नखांनी ओढलेले धागे लोंबत आहेत. असे माझे रूप! तरीही या घरातल्या कपाटात मी वरच्या कप्प्यात बसतो आणि नवे, गुबगुबीत टॉवेल खालच्यात. हा मान मला कसा मिळाला, ते ऐका.

एका गिरणीच्या खडखडाटात माझा जन्म झाला. तिथून दुकानात आलो आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला बोटांनी चोळून पाहिले. "हा टिकेल," त्या म्हणाल्या. माझी ती पहिली स्तुती. मी ती अजून विसरलो नाही.

त्या बाई म्हणजे आमची आई. माझे पहिले काम होते तिच्या तान्ह्या मुलीला आंघोळीनंतर गुंडाळायचे. खरे सांगायचे तर मी ते वाईट केले. नवा टॉवेल पाणी पीत नाही, अंगावरचे पाणी नुसते इकडून तिकडे फिरवतो. बाळ रडायचे. आई म्हणायची, "शिकेल हळूहळू." हे ती बाळाला उद्देशून म्हणायची की मला, ते काही कळले नाही, पण आम्ही दोघेही शिकलो. पुढे त्या बाळाला सगळे छोटी म्हणू लागले.

घरात आणखी एक माणूस होते, आईचे बाबा, म्हणजे छोटीचे आजोबा. त्यांचा जन्म घड्याळे दुरुस्त करण्यात गेला होता. बंद पडलेले घड्याळ त्यांनी नुसते हातात घेतले तरी टिकटिकायला लागते, असे लोक म्हणत. "तुमच्या हाताला गुण आहे हो," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकले होते की ते आता नुसती मान हलवत. डोळ्यांनी दगा दिला म्हणून दुकान बंद झाले. हात मात्र रिकामे बसायला तयार नव्हते.

एके दिवशी ते सदऱ्याच्या खिशातून मांजराचे पिल्लू घेऊन आले. छोटीने त्याच्या अंगावरचे पट्टे पाहिले आणि नाव ठेवले, वाघ्या!

"अगं, हे तर कुत्र्याचं नाव," आजोबा हसत म्हणाले.

"त्याला कुठे माहितीये?" छोटी म्हणाली.

बिनतोड युक्तिवाद! वाघाच्या मावशीच्या पोराचे नाव वाघ्या पडले. त्याचा पुढे धिप्पाड बोका झाला. दिवसभर तो उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे डोळे वटारायचा आणि संध्याकाळी आजोबांच्या मांडीवर चढायचा. त्या मांडीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता.

माझे दिवस मात्र फिरले होते. एक कड विसविशीत झाली तेव्हा आईने निळा दोरा घालून मला शिवले. जवळ पिवळा दोरा नव्हता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण फेकून दिले नाही हेच माझ्यासाठी खूप होते. पुढे मी न्हाणीघरातून मशीनजवळच्या स्टुलावर आलो. तिथे वाघ्या माझ्यावर झोपायचा आणि झोपण्यापूर्वी नखांनी मला यथेच्छ कुरवाळायचा. "चाळणी केलीस रे त्याची," आई म्हणायची.

शेवटी एका सकाळी तिने मला कापायच्या टेबलावर पसरले आणि खडूने माझ्यावर रेघा ओढल्या. माझे चार तुकडे होणार होते, मशीनचे तेल पुसायला. कात्री शेजारीच होती. मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. पण गिऱ्हाईक आले, आई बोलत उभी राहिली आणि कात्री तशीच पडून राहिली.

त्याच सकाळी आजोबांनी वाघ्याच्या मानेवर पिसवांचे औषध लावले होते. बिचारा खाजवून खाजवून हैराण झाला होता. आजोबा स्वतः दुकानात जाऊन औषधाची सुटी नळी घेऊन आले आणि घड्याळात तेल सोडावे तसे त्यांनी ते थेंब थेंब सोडले.

गिऱ्हाईक गेले आणि आजोबांची हाक आली, "अगं, लवकर ये! याला काय होतंय बघ!"

वाघ्याच्या तोंडातून लाळ गळत होती. कान फडफडत होते. उभा राहायला गेला की मागचे पाय लटपटत होते आणि सगळ्या अंगाला कापरे भरले होते. आजोबांच्या तोंडचे पाणी पळाले. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, तशी गत झाली. पिसवा परवडल्या, पण औषध आवर!

आईने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"काय लावलंत? नळीवर काय लिहिलंय ते वाचा," तिकडून आवाज आला.

अक्षरे मुंगीएवढी होती. आईने नळी खिडकीशी धरली. "फक्त कुत्र्यांसाठी," तिने वाचले. आजोबांनी नळी तिच्या हातून घेऊन डोळ्यांशी धरली.

"घाबरू नका. शुद्धीवर आहे ना? मग भांड्यांच्या पातळ साबणानं मान धुवा. पाणी कोमट घ्या. कढत नको, गारही नको. त्याला चाटू देऊ नका. कोरडा करा, उबेत गुंडाळा आणि लगेच इकडे आणा. नळी आठवणीनं आणा."

आईने धुतले. छोटी धावत जाऊन कपाटातला सगळ्यात नवा टॉवेल घेऊन आली. तो दिसायला देखणा, पण पाणी पिईल तर शपथ! वाघ्या भिजलेलाच राहिला, आता थंडीनेही कुडकुडू लागला.

"हा नको! तो आण, टेबलावरचा!" आई ओरडली.

तो म्हणजे मी. रेघांसकट मला ओढले आणि वाघ्याभोवती घट्ट गुंडाळले. मी पाणी प्यायलो, मित्रांनो. इतक्या वर्षांत जे शिकलो होतो ते सगळे पणाला लावून प्यायलो. त्याच्या अंगाचा थरकाप माझ्या धाग्याधाग्यात उतरत होता. रेघा केव्हा पुसल्या गेल्या, कळलेही नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी पाहिली, वाघ्याला सुई टोचली, सलाईन लावले. कापरे कमी झाले, पण थांबले नव्हते. "आज इथंच राहू दे. आणि हा टॉवेलही राहू दे. घरचा वास असला की त्याला बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

तेव्हा आजोबा बोलले. "मी दुकानात सांगितलं, आमच्या वाघ्याला पिसवा झाल्यात. दुकानदार म्हणाला, घर राखतो का? मी म्हटलं, राखतो म्हणजे काय! दारातून हलत नाही. मांजर हा शब्द मी उच्चारलाच नाही."

"आणि दुकानदारानं विचारलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, वाघ्या म्हटल्यावर कुणालाही कुत्राच वाटणार. पण तुम्ही वेळेवर आणलंत, हे विसरू नका."

आजोबा नेमके तेवढेच विसरले.

दुसऱ्या दिवशी वाघ्याने मान वर केली, थोडे खाल्ले आणि माझ्यात नखे रुतवली. माझा जीव भांड्यात पडला. ओढ बाबा, हवे तेवढे धागे ओढ, असे मी मनात म्हणालो.

वाघ्या घरी आला, पण आजोबा त्याला शिवेनात. तो जवळ आला की उठून जात. "माझ्या हाताचा गुण संपला," ते म्हणत. वाघ्या थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे पाही आणि उंबऱ्यावर जाऊन बसे. दोघेही त्याच घरात, आणि दोघेही एकटे. ते पाहणे मला कापले जाण्यापेक्षा जड गेले.

एका संध्याकाळी आईने मला दोरीवरून काढले आणि आजोबांच्या मांडीवर टाकले. "बाबा, एवढी घडी घाला हो. मला शिलाई पुरी करायचीये."

आजोबा माझ्या कडा जुळवू लागले. इतक्यात वाघ्या आला. त्याने मला हुंगले, आजोबांच्या हातांना हुंगले आणि उडी मारून माझ्यावर, म्हणजे आजोबांच्या मांडीवर, वेटोळे करून झोपला. आजोबांचे हात हवेतच राहिले. मग एक हात हळूच त्याच्या पाठीवर आला. वाघ्या घुरघुरू लागला.

"चालू झालं की," आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

आजोबांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्यांनी माझाच कोपरा उचलला. निळ्या शिवणीचा.

मित्रांनो, म्हणून मी वरच्या कप्प्यात आहे. मला शिवणाऱ्या आईचा, माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या त्या बोक्याचा आणि राहून गेलेल्या कात्रीचा मी ऋणी आहे. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या मांजराचे नाव वाघ्या ठेवा, सिंह्या ठेवा, नाहीतर हत्ती ठेवा; पण औषध आणताना आधी मांजर म्हणा आणि लावण्याआधी ती मुंगीएवढी अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्या. आमचे आजोबा आता दुकानाच्या पायरीवरूनच ओरडतात, "मांजर! आमचं मांजर आहे!" लोक हसतात. हसू देत. आजोबा घरी परततात तेव्हा उंबऱ्यावर कोणीतरी त्यांची वाट पाहत असते.