गळ्यापासून सांगितलेलं माप

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारा तो टेप नव्हे, तो केव्हाच भंगारात गेला. मी शिंप्याची टेप. साठ इंच लांब, बोटभर रुंद, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. माझा मूळ रंग पिवळा. आता त्याला पिवळा म्हणणं म्हणजे नुसतं माझं मन राखणं.

सध्या मी एका टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. सोबतीला एक तुटका हेडफोन आणि दोन सुकलेली पेनं. मोजायला काही नाही आणि बोलायला कुणी नाही. म्हणून तुमच्याशी बोलतेय. ऐकणार ना?

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही बाराजणी एका पुठ्ठ्याला गुंडाळलेल्या होतो. बाकीच्या अकरा जणींचं पुढे काय झालं, देव जाणे. मला उचललं ते थोरल्या मास्तरांनी. दुकानात आणल्याबरोबर त्यांनी मला लोखंडी पट्टीवर ताणून धरलं आणि इंचन् इंच तपासलं. "नवी टेप आणि नवा पाहुणा, दोघांचं बोलणं पहिल्या दिवशी खरं धरायचं नाही," ते म्हणाले. मला राग आला होता. पण पास झाले आणि त्यांच्या गळ्यात जाऊन बसले.

दुकान म्हणजे एकच खोली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, एक उभा आरसा. थोरले मास्तर माप घ्यायचे आणि कापायचे. त्यांचा मुलगा मशीनवर बसायचा, गिऱ्हाईक त्याला धाकटे मास्तर म्हणायचं. मुलगी मापं लिहून घ्यायची, काजं-बटणं करायची. तिला सगळे बटनच म्हणत. दोन वर्षांची असताना तिनं शर्टाचं बटण गिळलं होतं आणि अख्खं घर दोन दिवस त्या बटणाची वाट बघत बसलं होतं. ते पुढे कुणाच्या शर्टाला लागलं, हे मात्र विचारू नका.

माणसं मला फार जवळून माहीत आहेत. मी कंबरेला विळखा घातला की भलेभले पोट आत ओढतात. आजवर एकही पोट माझ्यासमोर पहिल्या फटक्यात खरं बोललेलं नाही. थोरले मास्तर मग हळूच विचारायचे, "मुलगा काय करतो हल्ली?" गिऱ्हाईक उत्तर देताना श्वास सोडायचं आणि मास्तर आकडा वाचायचे.

माप सांगायची एक रीत असते. आधी उंची, मग खांदा, बाही, छाती, कंबर आणि सगळ्यात शेवटी गळा. पण आमच्या दुकानात याच्या उलट एक घरगुती रीत होती. एखादं गिऱ्हाईक भांडकुदळ निघालं, चांगला शर्ट तीन-तीनदा परत आणणारं निघालं, तर त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? अशा वेळी थोरले मास्तर माप गळ्यापासून सांगायला लागायचे. बटन ते ऐकायची, वही मिटायची आणि गोड आवाजात म्हणायची, "बाबा, हातात फार काम आहे. महिनाभर तरी जमणार नाही." गिऱ्हाईक हसत बाहेर पडायचं. साप मेला आणि काठीही शाबूत.

मग समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं. आमच्याकडे उरलं ते पँटी तोकड्या करणं आणि चेन बदलणं. थोरल्या मास्तरांचे हात थरथरायला लागले, तेव्हा एका सकाळी त्यांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढून मुलाच्या गळ्यात घातलं. दाराशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसले. आता बटनचा दादाच दुकानाचा मास्तर झाला, पण कापायला कापडच नव्हतं.

असं सगळं थंड पडलेलं असताना ते कोटवाले साहेब आले. पँट दोन इंच कमी करून हवी होती. बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखा हात इथे वाया चाललाय. परदेशात आमचा कपड्यांचा कारखाना आहे. कटिंग मास्तर हवेत. मुलाखत नाही, परीक्षा नाही. तिकीट आमचं, राहणं-खाणं आमचं. फक्त या आठवड्यात हो म्हणा."

ते गेल्यावर बटन म्हणाली, "दादा, तुझं एकही शिवलेलं कापड न बघता तुला कटिंग मास्तर कोण ठेवेल? आपण साधा काजं करणारा ठेवला, तर आधी त्याच्याकडून दहा काजं करवून बघतो."

"अगं, त्यांचा कोट बघितलास? कॉलरला हातशिलाई आहे. टाका कसा, तांदळाच्या दाण्याएवढा! असा कोट घालणारा माणूस फसवणारा नसतो."

शिंप्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. दादानं टाका बघितला आणि माणूस पास केला. मी मात्र पँट मापताना त्या साहेबांच्या अंगाला लागून होते. त्या कोटाचा खांदा त्यांच्या खांद्यापेक्षा दीड इंच तरी मोठा होता. बाह्या तळहातावर येत होत्या. कोट दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा होता. दादानं एकदा मला त्यांच्या खांद्यावर ठेवलं असतं, तर सगळं कळलं असतं. पण पँटीला खांदा कोण मोजतो? आणि मला तोंड नाही.

व्हिसा पर्यटकाचा होता. "तिथे गेल्यावर बदलू," साहेब म्हणाले. कारखान्याचं नाव दर वेळी थोडं वेगळं यायचं. थोरल्या मास्तरांनी पत्ता मागितला, तर त्यांना एका मोठ्या इमारतीचा फोटो मिळाला. निघताना बटन दादाच्या शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाली, "पोचलास की तुझ्या आवाजात फोन कर. मेसेज नको." दादा हसला, मला खिशात टाकलं आणि निघाला.

विमान, मग दुसरं विमान, मग काळ्या काचांची गाडी, मग आणखी एक गाडी. शेवटी उंच भिंत आणि लोखंडी फाटक. फाटकावरच्या माणसानं "नोंद करायची आहे" म्हणत दादाचा पासपोर्ट आणि फोन घेतला. मला उलगडून बघितलं, हसला आणि परत फेकलं. त्या दिवशी दादाजवळ स्वतःचं म्हणून राहिलं ते अंगावरचे कपडे आणि मी.

आत कारखाना नव्हता. एकही मशीन नव्हती, कापडाची चिंधी नव्हती. एक लांबलचक हॉल, रांगेनं टेबलं, प्रत्येक टेबलावर संगणक आणि चार-चार फोन. दादाला सुंदर बाईचे फोटो दिले आणि सांगितलं, हीच आता तू. दूर कुठेतरी एकट्या राहणाऱ्या माणसांना लिहायचं. "जेवलात का? औषध घेतलंत का?" असं महिना-दीड महिना करायचं आणि मग त्यांची पुंजी एका खोट्या धंद्यात घालायला लावायची. नाही म्हणणाऱ्याला काय होतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या एका माणसावर करून दाखवलं. ते मी सांगणार नाही.

दादा शाळेतल्या एका निवृत्त मास्तरणीला लिहायचा. त्या बिचाऱ्या रोज विचारायच्या, "बाळ, आवाज तरी ऐकव." दादा टेबलाखाली मला मुठीत घट्ट धरून बसायचा. त्या हॉलमध्ये शेकडो माणसं दिवसभर जगाशी गोड बोलत होती आणि शेजारच्याशी एक शब्द बोलायला बंदी होती. एवढ्या गर्दीत इतकं एकटं मी कधी कुणाला बघितलं नव्हतं.

त्यानं माझ्याकडून फार थोडं मोजून घेतलं. राहायच्या खोलीची खिडकी अकरा इंच. स्वतःचा खांदा साडेसतरा. दोन्ही आकडे वाचून तो खाली बसला. मग दर महिन्याला स्वतःची कंबर. बत्तीस, एकतीस, साडेएकोणतीस, अठ्ठावीस. ते एकच पोट माझ्याशी कधी खोटं बोललं नाही.

पाचव्या महिन्यात हॉलच्या मुकादमानं त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आणून ठेवली. त्याच्याबरोबर आपली भाषा बोलणारा एक जण होता. त्यानं फोनवर फोटो दाखवला. पासपोर्टसाठी काढलेला बटनचा फोटो.

"तुझी बहीण येतेय बुधवारी," तो म्हणाला. "तुझे मेसेज वाचून इथे नोकरीला यायला तयार झाली. पण म्हणते, एकदा दादाचा आवाज ऐकल्याशिवाय विमानात बसणार नाही. लाव फोन. सगळं छान आहे म्हण. वेडंवाकडं बोललास तर खिडकीची हवासुद्धा मिळणार नाही."

दादानं एकही मेसेज पाठवलेला नव्हता. त्याच्याच फोनवरून दुसरंच कुणीतरी लिहीत होतं.

त्यानं मला मुठीत घेतलं. त्याच्या तळव्याला इतका घाम होता की मी भिजले. फोन स्पीकरवर लागला.

"दादा! किती दिवसांनी रे! नुसते मेसेज काय पाठवतोस? आणि मला 'प्रिय भगिनी' कधीपासून लिहायला लागलास? म्हटलं, परदेशात जाऊन हा शहाणा झाला."

"काम असतं गं. इथे सगळं छान आहे. बाबा कसे आहेत?"

"आत्याकडे सोडतेय त्यांना. बुधवारी निघते. तुझ्यासाठी काय आणू?"

आपल्या भाषेतला तो माणूस खाली वाकला.

"एक शर्ट शिवून आण. इथले शर्ट अंगाला बसत नाहीत. वही घे, माप सांगतो."

"तुझं माप मला पाठ आहे."

"बदललंय. लिही. गळा साडेचौदा."

तिकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"गळा?"

"हो. गळा साडेचौदा. कंबर अठ्ठावीस. छाती चौतीस. उंची शेवटी घे."

फोनमधून दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता. मी तो पंखा ओळखते, तिसऱ्या फेऱ्याला कुरकुरतो. आपल्या भाषेतला माणूस शर्टाच्या गप्पांना कंटाळून जांभई देत होता. दादाची मूठ इतकी आवळली होती की माझी पत्र्याची टोपी त्याच्या तळव्यात रुतली.

मग बटन म्हणाली, "दादा, हातात फार काम आहे रे. महिनाभर तरी जमणार नाही."

तिकडे वही मिटल्याचा आवाज झाला.

"बरं," दादा म्हणाला. "घाई नाही. बाबांना सांग, मी जेवलो म्हणून."

फोन काढून घेतला. "काय म्हणाली?" मुकादमानं विचारलं. "शर्टाला वेळ लागेल म्हणाली," आपल्या भाषेतला माणूस म्हणाला. दादानं मान खाली घातली. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडलेले मला जाणवले.

बुधवार आला. शेजारची खुर्ची रिकामी राहिली. गुरुवारीही रिकामी. शुक्रवारी मुकादम दोन माणसं घेऊन आला आणि दादाला खुर्चीवरूनच उठवून नेलं. मी ड्रॉवरमध्ये होते. त्यानं एकदा ड्रॉवरकडे बघितलं, हात मात्र पुढे केला नाही. मला घेतलं असतं तर तिथे मलाही काढून घेतलं असतं, एवढं मला कळलं. त्याला दुसऱ्या इमारतीत नेलं, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यानंतर मला काहीही कळलेलं नाही.

बटन गप्प बसणारी नाही, एवढी खात्री आहे. ती पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत असेल, हापिसाहापिसात दादाचा फोटो दाखवत असेल. रोज फाटक वाजलं की मला वाटतं, आली माणसं सोडवायला. फाटक उघडतं आणि नवीच माणसं आत येतात. प्रत्येक जण पहिल्या दिवशी तेच म्हणतो, "मुलाखतसुद्धा घेतली नाही हो त्यांनी." मला दादाची आठवण येते. फार येते.

दादाला नेल्यानंतर नवव्या दिवशी ती शेजारची खुर्ची भरली. कुणीतरी दुसरी मुलगी आली. तिच्या घरी तिला सावध करणारं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं दादाच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढलं. मी कशासाठी असते, हे तिला ठाऊक नसावं. तिनं माझी घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली आणि टेबलाखाली मुठीत धरून बसली. दादा धरायचा तशीच.

म्हणून हात जोडून सांगते. मला हात नाहीत, पण जोडलेत असं समजा. काम न बघता काम देणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारा. कामाचा व्हिसा आहे का, पर्यटकाचा? कारखान्याचं नाव-पत्ता सरकारी नोंदीत आहे का? तिथे खरोखर काम करणाऱ्या माणसाचा आवाज तुम्ही ऐकलात का? आजच हो म्हणा, असं तो का म्हणतो? माणसाचा कोट बघू नका. तो त्याच्या अंगाला बसतो का, ते बघा.

त्या मुलीला आता एकट्या माणसांना लिहायचं काम नाही. तिच्याकडे नवं काम दिलंय. दिवसभर ती नोकरीचे मेसेज पाठवते. "परदेशात चांगली संधी. मुलाखत नाही. तिकीट आमचं." मागे मुकादम उभा असतो, आणि मेसेज सुटतो. त्यातला एखादा तुमच्या फोनवर येईल. कदाचित आलाही असेल. तिच्यावर रागावू नका. पण येऊ नका.