कॅनडावाल्याची दोरी

"दोरी दिसते म्हणून पिस्तूल आहे असं धरून चालू नकोस, पोरी. ओढून बघायची."

जयवंतकाकांनी हे बजावलं तेव्हा आकांक्षा हसली होती. लालबागच्या चाळीत पिस्तूल कुठून येणार? तुम्ही उठलात एवढं मला कळलं तरी पुरे, असं म्हणून ती उतू जाणाऱ्या दुधाकडे धावली.

काका शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. लेक सुभद्रा बडोद्याला. आकांक्षाचा जीव आधीच घाबरा. छोट्या लेकीने, मिनूने, तोंडात काय घातलं, गॅलरीच्या कठड्यात तिचं डोकं अडकेल का, हे कमी होतं म्हणून की काय, काका मोरीत घसरले तर, ही काळजीही तिने गळ्यात बांधून घेतली. युक्ती तिचीच: सकाळी उठलं की काकांनी दोरी खिडकीच्या गजांतून बाहेर सोडायची, दिवेलागणीला आत घ्यायची.

दोरी काकांच्या वडिलांची. ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेलेले. तिथे शेजारच्या खंदकात कॅनडाचे शिपाई. शिपायांकडे रायफली; कमरेला पिस्तूल असायचं ते साहेबाच्या, रणगाडेवाल्याच्या, निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या. सहा गोळ्यांचं, फिरत्या चक्राचं. मुठीच्या कडीला दोरी, दुसरं टोक खांद्यावरून, म्हणजे हातातून निसटलं तरी चिखलात हरवायला नको. त्यांच्यातल्या एका तरण्या साहेबाचं पिस्तूल ओढा ओलांडताना दोरीच्या आकड्यातून सुटून म्यानातून पडलं. म्यानाची झडप पुन्हा खाली येऊन बंद, दोरी मात्र आत गेलेली. त्यालाही पत्ता नाही, बघणाऱ्यांनाही नाही. गरज पडली तेव्हा त्याने हिसडा दिला, तर नुसती दोरी हातात. काकांचे वडील रायफल घेऊन बाजूला होते म्हणून वाचला. जाताना ती दोरी त्यांनाच देऊन गेला.

मिनूला मात्र दोरी म्हणजे खेळ. आईच्या कडेवरून ती बाहेरचं टोक ओढायची, की आत खुर्चीत पेपर वाचणारे काका मनगटाला गुंडाळलेलं टोक हळूच ओढायचे. मिनू खिदळायची.

त्या दिवशी सकाळी सुभद्राताईंचा फोन आला. बाबा फोन उचलत नाहीत गं, म्हणाल्या. आकांक्षाने दारातून मान बाहेर काढली, दोरी लोंबताना पाहिली आणि सांगून टाकलं, "उठलेत ताई. दोरी बाहेर आहे."

मग कपडे वाळत घालायला ती गॅलरीत आली. मिनूने कडेवरून हात लांब करून दोरी ओढली. आतून कोणी ओढली नाही. तिने पुन्हा ओढली, तशी दोरी सरसर बाहेर आली आणि पोरीच्या हातात राहिली. अख्खी. रिकामी.

आकांक्षाने ओरडून नवऱ्याला, विनीतला, हाक मारली. त्याने खिडकीतून हात घालून दाराची कडी काढली. काका मोरीच्या उंबऱ्याशी पडले होते, आदल्या संध्याकाळपासून. दोरी आत घ्यायची राहून गेली होती, एवढंच. खुब्याचं हाड मोडलं होतं, घशाला कोरड पडली होती, पण डोळे उघडे होते.

हॉस्पिटलमध्ये नेताना त्यांनी विचारलं, "ओढली कोणी?"

"मिनूने."

"मग घ्या तिला पलटणीत. आईला नको, ती लांबूनच सलामी देते."

आकांक्षाला हसू आलं आणि रडूही. मग तिने सुभद्राताईंना फोन लावला. सकाळचं ते वाक्य मागे घेणं तिला फार जड गेलं.

काका आता वॉकर धरून चालतात. दोरी अजून बाहेर सोडतात, पण आकांक्षा नुसतं बघून पुढे जात नाही. आणि भेटेल त्याला एकच विनवते, तुम्हालाही तेच: तुमच्या शेजारी कोणी एकटं असेल. त्यांच्या खिडकीत दिवा दिसतो, टीव्हीचा आवाज येतो, फोनवर सकाळचं फुलांचं चित्रही येतं. असू दे. आज त्यांचं दार एकदा वाजवा, आणि आतून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.